धरणाच्या भिंतीसाठी लाट मोजतो, होडीसाठी कोण मोजणार?

प्रति,
संपादक महोदय,
स. न. वि. वि.

अमेरिकेतील ‘एडमंड फिट्झजेराल्ड’ हे मालवाहू जहाज बुडाले, त्याला १० नोव्हेंबर २०२५ रोजी ५० वर्षे पूर्ण झाली. समुद्रापासून शेकडो मैल आत, सुपीरियर नावाच्या गोड्या पाण्याच्या सरोवरात, २२२ मीटर लांबीचे हे जहाज २९ माणसांसह तळाला गेले आणि त्यांतला एकही वाचला नाही. पुण्याच्या वाचकाला त्याचे काय, असे कोणी विचारील. २०२४ च्या ऑगस्टमध्ये मुलीकडे मिशिगनला गेलो असता तिने आम्हा दोघांना व्हाइटफिश पॉइंट येथील संग्रहालय दाखवायला नेले नसते, तर मीही तेच विचारले असते. त्या संग्रहालयात या जहाजाची घंटा ठेवलेली आहे. ४ जुलै १९९५ रोजी ती पाण्यातून वर काढली आणि तिच्या जागी २९ जणांची नावे कोरलेली दुसरी घंटा खाली बसवली. त्या घंटेसमोर उभा असताना माझ्या डोळ्यांपुढे मात्र उजनी धरणाचा फुगवटा होता, कारण कळाशी आणि कुगाव यांच्यामधल्या पाण्यात प्रवासी होडी उलटली त्या घटनेला तेव्हा जेमतेम तीन महिने झाले होते.

२१ मे २०२४ च्या त्या संध्याकाळी सोसाट्याचा वारा सुटला, होडीत पाणी शिरले, एक पोलीस अधिकारी पोहून काठाला लागले आणि सहा जण बुडाले. त्यांत दोन लहान मुले होती. ही माणसे सहलीला निघालेली नव्हती. इंदापूर आणि करमाळा या दोन तालुक्यांमध्ये धरणाचे पाणी पसरल्यापासून पलीकडच्या काठाला जायचे तर रस्त्याने मोठा वळसा पडतो, म्हणून लोक होडीत बसतात. धरण आले आणि त्यांची वाट पाण्याखाली गेली, एवढीच त्यांच्या जलप्रवासाची हौस.

मी स्वतः पाटबंधाऱ्याच्या कामावर आयुष्य काढलेला माणूस आहे, म्हणून एक तांत्रिक गोष्ट सांगण्याची परवानगी घेतो. मोकळ्या पाण्यावरून वारा अडथळ्याशिवाय जेवढे अंतर कापतो, त्याला आमच्या भाषेत ‘फेच’ म्हणतात. हे अंतर जितके जास्त आणि वारा जितका जोराचा, तितकी लाट उंच. धरणाच्या माथ्याची उंची ठरवताना आम्ही हा हिशेब न चुकता करतो आणि सर्वोच्च पाणीपातळीच्या वर काही अंतर मोकळे सोडतो, जेणेकरून लाट भिंतीवरून पलीकडे जाऊ नये. या मोकळ्या अंतराला ‘फ्रीबोर्ड’ म्हणतात. हा शब्द मुळात जहाजांचा आहे. पाण्याच्या रेषेपासून डेकपर्यंतची उंची म्हणजे जहाजाचा फ्रीबोर्ड. म्हणजे उजनीच्या ११७ टीएमसीच्या (अब्ज घनफुटांच्या) जलाशयात किती उंचीची लाट उठू शकते, याचे गणित कोणत्या ना कोणत्या फाइलमध्ये धरण बांधण्याआधीच झालेले असते. ते भिंतीसाठी केलेले असते. त्याच पाण्यावर वीतभर काठ वर ठेवून चालणाऱ्या होडीसाठी ते कोणीही पुन्हा उघडून पाहत नाही.

गोडे पाणी म्हणजे सौम्य पाणी, हा आपला समज चुकीचा आहे. सरोवरातली लाट समुद्राच्या लाटेसारखी लांब पल्ल्याची नसते. ती आखूड आणि उभी असते आणि एकीतून सावरायच्या आत दुसरी येऊन आदळते. उथळ पाण्यात तर ती अधिकच उभी होते. सुपीरियरचे क्षेत्रफळ ८२ हजार चौरस किलोमीटर आहे, त्याची आपल्या जलाशयांशी तुलना होत नाही हे मला मान्य आहे. पण लाटेला मोठे सरोवर लागते ते मोठे जहाज बुडवायला. आपल्या होडीला दोन-तीन फुटांची लाट पुरते.

‘फिट्झजेराल्ड’ची हकीकत याच फ्रीबोर्डपाशी येऊन थांबते. १९५८ साली हे जहाज पाण्यात उतरले, तेव्हा माल भरल्यावर ते किती खोल बसावे याची मर्यादा ठरलेली होती. पुढे १९६९, १९७१ आणि १९७३ अशी तीन वेळा ती मर्यादा शिथिल करण्यात आली आणि हिवाळ्यातही हे जहाज मूळ आराखड्यापेक्षा तीन फुटांहून अधिक खोल बसवण्यास मुभा मिळाली. प्रत्येक वेळी थोडाच बदल होता आणि प्रत्येक बदलाने एका फेरीत काही टन माल जास्त जात होता. ९ नोव्हेंबर १९७५ रोजी सुमारे २६ हजार टन लोहखनिजाच्या गोळ्या भरून जहाज डेट्रॉइटच्या दिशेने निघाले. वादळाचा इशारा मिळाल्यावर कप्तान अर्नेस्ट मॅकसॉर्ली यांनी आणि मागून येणाऱ्या ‘आर्थर एम. अँडरसन’च्या कप्तानाने विचारपूर्वक उत्तरेकडचा, कॅनडाच्या किनाऱ्याचा आडोसा मिळेल असा मार्ग धरला. दुसऱ्या दिवशी वारा फिरला, आडोसा संपला आणि उघड्या सरोवरावरून येणाऱ्या २५ फुटांपर्यंतच्या लाटा त्यांच्या मागून येऊ लागल्या. दुपारी मॅकसॉर्ली यांनी बिनतारी संदेशाने कळवले की कठडा मोडला आहे, हवेच्या दोन नळ्यांची झाकणे गेली आहेत, जहाज एका अंगाला कलले आहे आणि पंप चालू आहेत. त्यानंतर रडार बंद पडले. व्हाइटफिश पॉइंटचा दीपस्तंभ आणि तिथला रेडिओ-संकेत वीज गेल्यामुळे नेमके त्याच संध्याकाळी बंद होते. सातच्या सुमारास ‘अँडरसन’ने विचारपूस केली, तेव्हा ‘आम्ही तग धरून आहोत’ एवढेच उत्तर आले. त्यानंतर रडारच्या पडद्यावरून ते जहाज नाहीसे झाले. मदतीची हाक आलीच नाही. जहाज नेमके कशामुळे बुडाले यावर तटरक्षक दल आणि जहाजमालकांची संघटना यांचे आजतागायत जमलेले नाही. एकाचे म्हणणे, मालाच्या कोठारांची झाकणे नीट बसलेली नव्हती, तर दुसऱ्याचे, जहाज उथळ खडकावर घासले. जहाज दोन तुकडे होऊन ५३० फूट खोल पडले आहे.

यातला मला सर्वांत मोलाचा वाटणारा भाग त्यानंतरचा आहे. तटरक्षक दलाचे शोधाला योग्य असे जहाज फार दूर होते. त्यांनी ‘अँडरसन’च्या कप्तानाला विचारले की तुम्ही परत जाल का. ‘अँडरसन’ नुकतेच त्याच वादळातून निभावून खाडीच्या आडोशाला पोहोचले होते. ते परत फिरले. नांगर टाकून सुरक्षित उभे असलेले ‘विल्यम क्ले फोर्ड’ हे दुसरे जहाजही निघाले. त्यांच्या हाती रिकाम्या तुटक्या बोटी आणि तराफे यांखेरीज काही लागले नाही.

सुपीरियर आणि त्याच्या शेजारच्या मोठ्या सरोवरांच्या इतिहासात बचावाच्या अशा कथा बऱ्याच आहेत आणि त्यांतल्या पुष्कळ सरकारी यंत्रणेबाहेरच्या माणसांच्या आहेत. सप्टेंबर १८६० मध्ये मिशिगन सरोवरात ‘लेडी एल्गिन’ ही प्रवासी बोट दुसऱ्या जहाजाच्या धडकेने बुडाली आणि सुमारे ३०० माणसे गेली, तेव्हा काठावर धावून आलेल्या एडवर्ड स्पेन्सर या विद्यार्थ्याने कमरेला दोर बांधून पुन्हा पुन्हा लाटांत शिरून सतराएक जणांना बाहेर काढले. ११ नोव्हेंबर १९४० च्या वादळात ‘नोव्हाडॉक’ हे जहाज किनाऱ्याजवळ वाळूत रुतून मोडले. आत अडकलेल्या १७ जणांना शेवटी बाहेर काढले ते क्लाइड क्रॉस नावाच्या एका मच्छीमाराने, आपल्या लहानशा बोटीतून. आपल्याकडेही धरणात कोणी बुडाले की सर्वांत आधी मच्छीमारांच्याच होड्या पाण्यात उतरतात. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची पाचवी बटालियन आपल्या तळेगावजवळ सुदुंबरे येथे आहे आणि तिचे जवान जिवाची पर्वा न करता काम करतात, परंतु तिथून उजनीच्या काठापर्यंत पोहोचायला लागणारा वेळ बुडणाऱ्या माणसाकडे नसतो. म्हणून ज्यांच्या होड्या मुळात तिथेच आहेत, त्यांना दोर, तरंगणारी कडी, विजेरी आणि चार दिवसांचे प्रशिक्षण देणे हा खर्च नव्हे.

परंतु बचावाच्या आधी इशारा येतो, आणि इथे आपले पुणे थोडे अडचणीत सापडते. देशाच्या हवामानखात्याचे कार्यालय १९२८ साली शिमल्याहून पुण्यास आले आणि शिवाजीनगरच्या त्या वास्तूला आपण अजूनही ‘शिमला ऑफिस’ म्हणतो. मेघगर्जना आणि वादळी वाऱ्याचे पुढच्या तीन तासांचे इशारे आता जिल्हावार निघतात. ते आपल्या मोबाइलवर येतात, आपण गच्चीवरचे कपडे काढतो. तोच इशारा धरणाच्या काठावर, होडीच्या दोरीपाशी उभ्या असलेल्या माणसापर्यंत कोणी आणि कसा पोहोचवायचा, याचे उत्तर मला कुठल्याही फलकावर दिसलेले नाही. कोकणात ही सोय पिढ्यान्‌पिढ्या आहे. ‘बंदरावर तीन नंबरचा बावटा लागला’ एवढे शब्द ऐकले की तांडेलाला पुढचे सांगावे लागत नाही. समुद्रावर जे आहे ते धरणावर का नसावे?

अर्थात, बावट्याने सगळे सुटते असे मी म्हणणार नाही. ७ ते १० नोव्हेंबर १९१३ या चार दिवसांत त्या सरोवरांवर जे वादळ झाले, त्यात १२ जहाजे बुडाली आणि २५० हून अधिक माणसे मेली. एकट्या ह्युरॉन सरोवरात ९ तारखेला आठ जहाजे गेली. इशाऱ्याचे बावटे त्या वेळी बंदरोबंदरी लागलेले होते. पण मधल्या शनिवारी वारा जरा मंदावला, हंगाम संपत आला होता, शेवटची एक फेरी पदरात पडावी असे मालकांना वाटत होते, आणि कप्तानांनी नांगर उचलले. आपल्याकडचा नावाडी काही वेगळा नाही. समोर दहा माणसे आणि दोन मोटारसायकली घाईत उभ्या असताना ‘आज नाही’ म्हणणे त्याच्या एकट्याच्या अंगावर टाकणे हा अन्याय आहे. बावटा लागल्यावर होडी सोडायची नाही, हे सांगणारा आणि त्या दिवशीच्या बुडालेल्या कमाईची थोडीतरी भरपाई करणारा दुसरा कोणीतरी असला पाहिजे.

गेल्या हिवाळ्यात पुण्याजवळच्या एका जलाशयात पक्षी दाखवायला नातवाला घेऊन गेलो होतो. लाइफ जॅकेट होती, पण बाकाखाली, पोत्यात बांधून. मागितल्यावर नावाडी म्हणाला, “काका, पाणी गुडघाभर आहे, कशाला घाबरता?” मी आग्रह धरला तेव्हा नातवाच्या मापाचे एकही निघाले नाही. माझ्या अंगावरच्या जॅकेटचा पट्टा तुटलेला होता. आम्ही तरीही गेलो, हे मी कबूल करतो.

दुर्घटना झाली की आपल्याकडे दोन गोष्टी होतात: पहिल्या आठवड्यात सगळ्या होड्या बंद, आणि महिन्याभरात सगळ्या पुन्हा चालू, होत्या तशाच. जानेवारी २०२४ मध्ये वडोदऱ्याच्या हरणी तलावात १२ मुले आणि दोन शिक्षिका बुडाल्या, त्यानंतर आपल्या जिल्ह्यात तपासण्यांच्या बातम्या वाचल्याचे मला आठवते. चारच महिन्यांनी कळाशीची होडी उलटली. घाईने केलेला उपायही कधी अंगाशी येतो, हे त्याच सरोवरांवर चालणाऱ्या ‘ईस्टलँड’ बोटीने दाखवले आहे. ‘टायटॅनिक’नंतर जीवरक्षक नौका वाढवण्याचा आग्रह झाला आणि त्या नौकांचे वजन मुळातच डोलणाऱ्या या बोटीच्या वरच्या अंगावर चढले. २४ जुलै १९१५ रोजी शिकागोच्या नदीत, धक्क्याला बांधलेली असतानाच ती सहलीला निघालेल्या कामगार-कुटुंबांसह कलंडली आणि ८४४ माणसे मेली. म्हणून आमच्या होड्यांवर उद्या कोणी लोखंडी छप्पर बसवून ‘सुविधा’ म्हणू लागले, तर आधी एखाद्या नौकाबांधणी जाणणाऱ्याला विचारावे.

‘फिट्झजेराल्ड’नंतर तिथे जे केले गेले ते साधे होते. १९७३ ची शिथिल मर्यादा मागे घेतली, खोली मोजणारे यंत्र सक्तीचे केले, थंड पाण्यात जीव टिकवणारे पोशाख प्रत्येकासाठी ठेवले, आणि दर वर्षी नोव्हेंबरच्या वादळांआधी जहाजांची तपासणी सुरू केली. त्यानंतर आजवर त्या सरोवरांवर तेवढे मोठे मालवाहू जहाज बुडालेले नाही. आपला नोव्हेंबर म्हणजे वळवाचे दिवस, एप्रिल आणि मे. आपल्याकडे २०२१ चा अंतर्देशीय जलयान कायदा आहे. यंत्रावर चालणाऱ्या नौकांची नोंदणी आणि तपासणी त्यात सांगितलेली आहे आणि साध्या होड्यांची नोंद स्थानिक पातळीवर ठेवण्याचीही तरतूद आहे. जलसंपदा विभाग, जिल्हा प्रशासन आणि काठावरच्या ग्रामपंचायती यांनी दर मार्चमध्ये प्रत्येक होडी एकदा पाण्यात उभी करून, तिच्या अंगावर रंगाने एक आडवी रेघ मारावी. ती रेघ पाण्याखाली गेली की माणूस उतरवायचा. अक्षर न येणाऱ्यालाही ही रेघ वाचता येते. होडीचा फ्रीबोर्ड ठरवायला याहून मोठी यंत्रणा लागत नाही, आणि त्यासाठी लागणारा लाटेचा हिशेब, वर म्हटल्याप्रमाणे, खात्याच्या कपाटात तयार आहे.

हे पत्र लिहिताना नोव्हेंबरचा मध्य आहे. वळीव सुरू व्हायला साडेचार-पाच महिने आहेत. कळाशीच्या काठावर एक खांब, एक बावटा आणि रंगाचा एक डबा पोहोचवायला तेवढे पुरेत.

आपला,
एक निवृत्त स्थापत्य अभियंता
कोथरूड, पुणे