शिक्षकांची पीएच.डी. आणि मे महिन्याची सुट्टी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पेटचा, म्हणजे पीएच.डी. प्रवेश परीक्षेचा, निकाल लागला की मराठवाड्यातले अनेक शिक्षक शिक्षणशास्त्रातल्या पीएच.डी.साठी गाइडच्या (संशोधन मार्गदर्शकाच्या) शोधात फिरू लागतात. जिल्हा परिषदेचे असतात, खासगी अनुदानित शाळांचे असतात, काही अध्यापक महाविद्यालयांतलेही. त्यातले बरेच जण दोन-तीन वर्षांत थंडावतात आणि खापर फुटते ते ‘नोकरीमुळे वेळच मिळत नाही’ यावर. वेळ कमी असतो हे खरेच. पण काम नेमके कुठे अडते ते पाहिले, तर बहुतेक वेळा ते शाळेचे वर्ष आणि संशोधनाचे वर्ष यांची सांगड न घातल्याने अडलेले दिसते.

सुरुवात ना हरकत प्रमाणपत्रापासून. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमावलीत अर्धवेळ पीएच.डी.ला मान्यता आहे, पण नोकरीच्या ठिकाणच्या सक्षम अधिकाऱ्याच्या पत्रात तीन गोष्टी स्पष्ट हव्यात: अर्धवेळ संशोधनाला परवानगी आहे, कामाचे स्वरूप पाहता संशोधनाला पुरेसा वेळ मिळू शकतो आणि गरज पडल्यास कोर्सवर्कसाठी (पीएच.डी.च्या सक्तीच्या तासिकांसाठी) कार्यमुक्त केले जाईल. प्रत्यक्षात मिळते ते ‘शालेय कामकाजात अडथळा येणार नाही व कोणतीही रजा मंजूर होणार नाही या अटीवर’ असले पत्र. हे वाक्य तिसऱ्या मुद्द्याच्या थेट विरोधात जाते, त्यामुळे कागदपत्रांच्या छाननीत त्यावर बोट ठेवले जाते. मग केंद्रप्रमुख, गटशिक्षणाधिकारी, शिक्षणाधिकारी अशी फाइल पुन्हा पहिल्यापासून चढवावी लागते. अर्जासोबतच मसुदा टाइप करून द्यावा आणि नियमावलीतल्या त्या कलमाची प्रत जोडावी. कार्यालयात तयार मसुद्यावर सही लवकर होते, हे शिक्षकांना वेगळे सांगायला नको.

कोर्सवर्कचा हिशेब मांडला तर गंमत वाटेल. किमान १२ क्रेडिट, एका क्रेडिटचे १५ तास, म्हणजे १८० तास. यातच संशोधन व प्रकाशन नीतिशास्त्राचा २ क्रेडिटचा सक्तीचा पेपर आला. रोज सहा तास धरले तर हे ३० दिवसांचे काम आहे, आणि आपल्याकडे उन्हाळी सुट्टी मेच्या सुरुवातीपासून जूनच्या मध्यापर्यंत असते. असे असताना ऐन सत्रात तासिका लागल्या की उमरग्याच्या शिक्षकाने छत्रपती संभाजीनगरला तीनशेएक किलोमीटर यायचे तरी कसे? मग हजेरीपुरती सही होते, नाहीतर वैद्यकीय रजा टाकली जाते. दोन्ही वाईट. मराठवाड्यातल्या दोन्ही विद्यापीठांनी शिक्षणशास्त्रापुरते तरी कोर्सवर्क मे महिन्यात ठेवावे. संशोधन सल्लागार समितीपुढे दर सत्राला प्रगती मांडावी लागते. ती बैठक सुट्टीच्या दिवशी आणि शक्य तिथे धाराशिव, लातूरच्या उपकेंद्रात घेता येईल.

विषय निवडताना जी चूक होते ती पुढे कशानेच भरून निघत नाही. ‘मराठवाड्यातील माध्यमिक शाळांतील विद्यार्थ्यांच्या... चिकित्सक अभ्यास’ असे शीर्षक नोंदवले की आठही जिल्ह्यांतून नमुना घ्यावा लागतो. शनिवार-रविवार मोकळा असणाऱ्या माणसाला हे झेपत नाही, कारण रविवारी शाळाच बंद असते. एक तालुका, एक इयत्ता आणि एकाच विषयातला एक घटक एवढे पुरे. नोंदणीनंतर शीर्षक बदलायचे म्हणजे पुन्हा समिती, पुन्हा कागद.

प्रयोगात्मक संशोधनाचे, म्हणजे एका (प्रायोगिक) गटाला नव्या पद्धतीने शिकवून दुसऱ्या (नियंत्रित) गटाशी त्याची तुलना करण्याचे, वेळापत्रक तर महिना-महिना पाहून आखायला हवे. जूनमध्ये प्रवेश आणि पाठ्यपुस्तकांची गडबड असते, पट स्थिर होतो तो जुलैत. म्हणून पूर्वचाचणी, म्हणजे शिकवण्याआधीची चाचणी, जुलैच्या दुसऱ्या पंधरवड्यात घ्यावी. त्यानंतर सहा ते आठ आठवडे, २५ ते ३० पाठ. पाठ संपल्यावरची उत्तरचाचणी दसऱ्याच्या आत. याला दोन कारणे आहेत. ऑक्टोबरात प्रथम सत्र परीक्षा येते हे एक. दुसरे अधिक गंभीर: दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. बीड जिल्ह्यातल्या पाटोदा, शिरूर कासार, धारूर, वडवणी या भागांतल्या शाळांत समजा ३२ मुलांच्या गटाची पूर्वचाचणी ऑगस्टमध्ये झाली आणि उत्तरचाचणी डिसेंबरला ठेवली, तर हाती २१-२२ मुले राहतील. हंगामी वसतिगृहामुळे काही मुले गावात थांबतात, पण सगळी नाही. तोटा नुसत्या आकड्याचा नसतो. गेलेली मुले ऊसतोड कुटुंबांतली आणि राहिलेली तुलनेने स्थिर घरांतली, म्हणजे गटाची जातकुळीच बदलते. नियंत्रित गट शहरातल्या शाळेचा असेल तर तिथे अशी गळती होत नाही आणि दोन्ही गटांची तुलना कोसळते. मग टी-मूल्य सार्थक आले, म्हणजे दोन गटांतला फरक संख्याशास्त्रानुसार खरा ठरला, तरी तो अध्यापन पद्धतीमुळे की स्थलांतरामुळे, हे सांगता येत नाही. मौखिकीत (प्रबंधावरच्या तोंडी परीक्षेत) जाणता परीक्षक पहिला प्रश्न यावरच विचारतो. शिकलेले किती लक्षात राहिले हे काही काळाने पाहणारी धारणा चाचणी घ्यायची असेल तर तीही दिवाळीच्या सुट्टीआधी बसते का, हे उलट मोजत यावे. न बसल्यास तो उद्देश आराखड्यात घालूच नये.

स्वतःच्याच वर्गाला प्रायोगिक गट करून स्वतःच शिकवणे सोयीचे असते, आणि म्हणूनच घातक. उत्तरपत्रिका तरी दुसऱ्या शिक्षकाकडून तपासून घ्याव्यात, त्याला गट कोणता ते न सांगता. इतर शाळांतून माहिती घ्यायची तर शिक्षणाधिकाऱ्यांचे पत्र आणि पालकांची संमती आधी हवी. मुख्याध्यापक ओळखीचे आहेत म्हणून भागत नाही. निवडणुकीच्या वर्षी बीएलओचे (मतदार याद्यांचे) काम गळ्यात पडते, तेव्हा अशा वर्षात क्षेत्रकाम न ठेवलेले बरे.

स्वनिर्मित चाचणीची घाई सर्रास दिसते. लहान गटावरच्या पायलट चाचणीनंतर गुणांनुसार वरच्या आणि खालच्या २७ टक्के विद्यार्थ्यांची उत्तरे घेऊन प्रत्येक प्रश्नाचे काठिण्यमूल्य (प्रश्न किती जणांना सुटला) आणि भेददर्शकता (हुशार आणि कच्च्या मुलांत तो किती फरक दाखवतो) काढायची. काठिण्यमूल्य ०.३ ते ०.७ च्या बाहेर गेलेले प्रश्न गाळायचे आणि भेददर्शकता ०.३ च्या खाली असेल तर प्रश्न दुरुस्त करायचा. अंतिम चाचणी ४० प्रश्नांची हवी असेल तर सुरुवातीला ७०-८० प्रश्न लिहावेच लागतात. पायलट ज्या शाळांत केली त्या शाळा मुख्य नमुन्यात घेऊ नयेत.

आता टंकलेखन. बाजारातले टायपिस्ट अजूनही कृतिदेव किंवा श्रीलिपी या जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये प्रबंध टाइप करतात. वाङ्मयचौर्य तपासणाऱ्या सॉफ्टवेअरला तो मजकूर नीट वाचता येत नाही आणि शेवटच्या महिन्यात युनिकोडमध्ये रूपांतर करताना रफार आणि जोडाक्षरे तुटतात. पहिल्या पानापासून युनिकोडच वापरावा. प्रत्येक प्रकरणाची वेगळी फाइल ठेवली तर शोधगंगेसाठी (प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहासाठी) पीडीएफ करताना पुन्हा खटाटोप नको. आयोगाच्या वाङ्मयचौर्याबाबतच्या २०१८ च्या नियमांनुसार १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही. १० ते ४० टक्के आढळल्यास प्रबंध दुरुस्त करून ठरलेल्या मुदतीत पुन्हा द्यावा लागतो, ६० च्या वर गेल्यास नोंदणीच रद्द. साम्य फुगते ते बहुधा संबंधित साहित्याच्या आढाव्यात. इंग्रजी परिच्छेदाचा मराठी अनुवाद सॉफ्टवेअरला सापडत नाही म्हणून तो आपला होत नाही, हेही काहींना सांगावे लागते.

गाइड निवडताना त्यांचे निवृत्तीचे वर्ष संकोच न करता विचारावे. सेवेची तीन वर्षांहून कमी उरली असतील तर त्यांना नवा विद्यार्थी घेता येत नाही. प्राध्यापकाकडे ८, सहयोगी प्राध्यापकाकडे ६ आणि सहायक प्राध्यापकाकडे ४ अशी विद्यार्थिसंख्येची मर्यादा आहे. कोर्सवर्क धरून कमाल मुदत सहा वर्षे. पुनर्नोंदणीने आणखी दोन मिळतात, महिलांना व ४० टक्क्यांहून अधिक अपंगत्व असणाऱ्यांना त्यावर आणखी दोन.

प्रबंध दाखल झाल्यापासून मौखिकीपर्यंतची प्रक्रिया विद्यापीठाने सहा महिन्यांत पुरी करावी, असे २०२२ च्या नियमावलीतच आहे. त्यामुळे दाखल केल्याच्या पोचपावतीवर आवक क्रमांक आणि तारीख घ्यावी आणि चौथ्या महिन्यात परीक्षकांकडून अहवाल आले का, याची लेखी विचारणा करावी. विद्यापीठांनी प्रत्येक प्रबंध सध्या कोणत्या टप्प्यावर आहे ते संकेतस्थळावर दाखवले, तर शाळा बुडवून विभागात चौकशीला येणारे शिक्षक कमी होतील.

आपला,
शिक्षणशास्त्राचा एक संशोधन मार्गदर्शक,
अंबाजोगाई