मोठी रक्कम येणार आहे, पण कार्डाचे व्याज थांबत नाही

संपादक महोदय,

निवृत्तीचे पैसे, विम्याची मुदतपूर्ती, घर विकून आलेली रक्कम किंवा वारसाहक्काचा वाटा हाती आल्यावर कुठे गुंतवावा, यावर वर्तमानपत्रांच्या अर्थविषयक पानांत भरपूर छापून येते. रक्कम हाती येण्याआधीच्या महिन्यांबद्दल फारसे कोणी लिहीत नाही. ज्याच्या क्रेडिट कार्डावर मोठी थकबाकी आहे, त्याचे खरे नुकसान याच महिन्यांत होते. ‘पैसे आले की एकदम फेडून टाकू’ म्हणत माणूस तोवर बिलावरची फक्त किमान रक्कम (दर महिन्याला भरावाच लागणारा थोडासा भाग) भरत राहतो. त्या वाट पाहण्याची किंमत आधी कागदावर काढावी, असे कळकळीने सांगावेसे वाटते.

समजा, थकबाकी ३ लाख आहे आणि व्याज महिन्याला साडेतीन टक्के. (तुमच्या कार्डाचा दर बिलावरच बारीक अक्षरांत असतो, तो धरून हिशेब करा.) पहिल्याच महिन्याचे व्याज १०,५०० होते. बिल आले ३,१०,५००. त्याच्या ५ टक्के किमान रक्कम म्हणजे १५,५२५. एवढे भरूनही मुद्दल कमी होते फक्त ५,०२५. वर्षभर असेच चालवले तर खिशातून सुमारे १ लाख ७० हजार जातात आणि थकबाकी उतरते जेमतेम ५५ हजारांनी. उरलेले सारे व्याजात. काहीच भरले नाही तर वर्षअखेर थकबाकी साडेचार लाखांच्या वर जाते. लेट फी आणि व्याजावरचा कर यात धरलेला नाही.

थकबाकी उतरते तशी किमान रक्कमही उतरते, आणि बिल हलके झाल्याचे समाधान वाटते. तिथेच गफलत होते. पहिल्या महिन्यात १५,५२५ झेपले असतील तर पुढेही तेवढेच भरा, बिलावरचा छोटा आकडा बघू नका. वर्षभरात जास्तीचे सुमारे १६ हजार जातात आणि थकबाकी मात्र आणखी १८ हजारांनी उतरते. व्याज रोजच्या शिलकीवर चढते, म्हणून पगार झाला की त्याच दिवशी भरा, ड्यू डेटची वाट पाहू नका. वर्षाला ४२ टक्के दराने २० हजार पंधरा दिवस आधी भरले की साधारण ३४५ वाचतात. किमान रकमेचे ऑटो-डेबिट तरीही लावून ठेवावे, म्हणजे विसरल्याने लेट फी पडत नाही.

मुख्य प्रश्न मात्र हा, की येणारी रक्कम आत्ता कुठे आहे? ती स्वतःच्याच नावावर मुदत ठेवीत असेल आणि फक्त मुदत संपायची वाट असेल, तर ही वाट पाहणे सगळ्यात महाग पडते. दोन लाखांच्या ठेवीवर ७ टक्क्यांनी वर्षाचे १४ हजार मिळतील. तेच दोन लाख कार्डावर थकले तर वर्षाला ८४ हजार व्याज, तेही चक्रवाढ न धरता. ठेव मोडल्याचा दंड यापुढे काहीच नाही. मोडायची नसेल तर तिच्यावर कर्ज घ्या; त्याचा दर ठेवीच्या दरापेक्षा थोडाच जास्त असतो. विम्याच्या पॉलिसीला सरेंडर मूल्य (ती मधेच बंद केल्यास मिळणारी रक्कम) असेल तर तिच्यावरही असे कर्ज मिळू शकते. ‘मुदत पूर्ण होऊ दे’ हा बचतीचा चांगला संस्कार इथे उलटतो.

असे तारण नसेल तर कार्डाची थकबाकी पर्सनल लोनमध्ये वळवण्याचा विचार करावा. वर्षाला १५ टक्के दर मिळाला तर तीन लाखांवर पहिल्या महिन्याचे व्याज ३,७५० होते, कार्डावर तेच १०,५००. दोन टक्के प्रोसेसिंग फी म्हणजे ६ हजार, ते पहिल्याच महिन्यात वसूल. पण सही करण्यापूर्वी मुदतीआधी फेडीचे कलम जरूर वाचा. काही कर्जांत ठरावीक महिने फेडूच देत नाहीत, काहींत उरलेल्या मुद्दलावर शुल्क लागते. रक्कम येताच फेडायचे म्हणून घेतलेल्या कर्जाला हेच कलम आडवे येते. कार्ड देणारी बँक थकबाकीचे हप्ते पाडून देत असेल तर तिलाही हाच प्रश्न विचारा. आणखी एक धोका आहे. कर्ज आले, कार्ड कोरे झाले, आणि सहा महिन्यांत ते पुन्हा भरले. मग हप्ताही आहे आणि थकबाकीही. कार्ड कोरे झाले त्याच दिवशी त्याची मर्यादा लेखी कमी करून घ्या.

बॅलन्स ट्रान्सफर, म्हणजे दुसऱ्या कार्डाच्या सवलतीच्या दरावर थकबाकी नेणे, थोड्या मुदतीसाठी चांगले. सवलत सहा महिन्यांची असेल आणि पैसे पाचव्या महिन्यात अपेक्षित असतील, तर मला ते जोखमीचे वाटते. घरविक्रीत कागद अडकतो, वारसाहक्कात एखादी सही राहते, आणि सातव्या महिन्यापासून पूर्ण दर लागू होतो. एक हप्ता चुकला की सवलत रद्द, अशी अटही कुठे कुठे असते. एका कार्डावरून रोख काढून दुसऱ्याचे बिल भरणे तर अजिबात नको. रोख रकमेला व्याजमुक्त काळ नसतो, शुल्क आणि व्याज पहिल्या दिवसापासून.

थकबाकी असलेल्या कार्डावर किराणासुद्धा घेऊ नये. मागचे पूर्ण बिल भरलेले नसले की नव्या खरेदीचा व्याजमुक्त काळ बहुतेक कार्डांवर संपतो आणि खरेदीच्या तारखेपासून व्याज सुरू होते. दोन-तीन कार्डे असतील तर प्रत्येकाची किमान रक्कम भरून वरचा प्रत्येक पैसा सर्वांत जास्त दराच्या कार्डाकडे वळवा. महिनाभराच्या खर्चाइतकी रोख मात्र बाजूला असू द्या, नाहीतर पहिल्याच आजारपणात कार्ड पुन्हा बाहेर निघते.

किमान रक्कमही झेपत नसेल तर हप्ता चुकण्याआधी बँकेला लेखी कळवा. रक्कम येणार असल्याचा कागद असेल तर त्याची प्रत जोडा, पण तारखेचे वचन देऊ नका. ते हुकले की वसुलीचा सूर बदलतो. कमी रकमेत सेटलमेंट मिळावी म्हणून मुद्दाम हप्ते थांबवण्याचा सल्ला काही जण देतात. पैसे येणार असलेल्याने तो मानू नये. क्रेडिट रिपोर्टवर, म्हणजे तुमच्या कर्जफेडीच्या नोंदींच्या अहवालावर, ‘सेटल्ड’ हा शेरा वर्षानुवर्षे राहतो आणि पुढच्या कर्जाच्या वेळी नडतो.

येणारी रक्कम धरताना कर, कपाती, वकिलाची फी वजा करून हातात किती पडणार तेच लिहा. अपेक्षित तारखेच्या पुढे सहा महिने धरून वरचा सगळा हिशेब पुन्हा करा. तो त्या तारखेपर्यंत टिकत नसेल तर आत्ताच खर्च कमी करायला हवा किंवा काहीतरी विकायला हवे.

शेवटच्या भरण्यातही एक चूक वारंवार होते. स्टेटमेंट ५ तारखेचे, त्यावर ३ लाख. पैसे आले, २३ तारखेला पूर्ण ३ लाख भरले, कार्ड कात्रीने कापले. त्या अठरा दिवसांचे साधारण ६,२०० व्याज पुढच्या बिलात येते. ते बिल कोणी उघडून बघत नाही. त्यावर लेट फी चढते आणि फेडलेले कर्ज थकीत दिसू लागते. म्हणून भरण्याच्या दिवशी बँकेकडून त्या तारखेपर्यंतची खाते बंद करण्याची नेमकी रक्कम मागून घ्या आणि तेवढीच भरा. पुढची दोन बिले शून्य येईपर्यंत ईमेल तपासत राहा, मग कार्ड बंद करण्याचा लेखी अर्ज द्या आणि नो ड्यूज सर्टिफिकेट (काही देणे बाकी नसल्याचा दाखला) घ्या. दोनेक महिन्यांनी क्रेडिट रिपोर्ट काढून खाते ‘क्लोज्ड’ दिसते का आणि शिल्लक शून्य आहे का, ते पाहा.

आपला,
एक वाचक