चिठ्ठीवरच्या त्या आकड्यासाठी

आदरणीय सिस्टर,

एबीजीच्या (धमनीतल्या रक्तातले वायू आणि आम्लता मोजणाऱ्या तपासणीच्या) सॅम्पलसोबत येणाऱ्या चिठ्ठीवर तुम्ही वेळ आणि एफआयओटू, म्हणजे रुग्ण घेत असलेल्या हवेतलं ऑक्सिजनचं प्रमाण, न चुकता लिहिता. त्याबद्दल हे जाहीर आभार.

एफआयओटू कळल्याशिवाय ऑक्सिजनचं गणित पुढे सरकतच नाही. समजा रक्तातल्या ऑक्सिजनचा दाब, पीओटू, ८० आणि कार्बन डायऑक्साइडचा दाब, पीसीओटू, ४० (दोन्ही पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये). रुग्ण साध्या हवेवर असेल तर अल्व्हिओलसमधला (फुप्फुसातल्या हवेच्या पिशवीतला) ऑक्सिजन ०.२१ × (७६० − ४७) − ४० ÷ ०.८, म्हणजे जेमतेम १००. धमनीतल्या ८०शी फरक २०. तोच रुग्ण ४० टक्के ऑक्सिजनवर असेल तर वरचा आकडा २३५ होतो, फरक १५५! फरक जितका मोठा, तितका फुप्फुसांतून रक्तात ऑक्सिजन कमी पोचतोय. रिपोर्ट तोच, फुप्फुसं पार वेगळी. (४७ हा वाफेचा दाब. ७६० हा हवेचा दाब समुद्रसपाटीला, घाटमाथ्यावर कमी धरायचा. ०.८ हे शरीर सोडतं त्या कार्बन डायऑक्साइडचं, घेतं त्या ऑक्सिजनशी प्रमाण.)

त्याहून मोठे आभार सिरिंजसाठी. रक्त गोठू नये म्हणून सिरिंजमध्ये घेतलेलं द्रव हेपरिन जास्त उरलं की पीसीओटू आणि बायकार्बोनेट (रक्तातला आम्ल शमवणारा क्षार) दोन्ही घसरतात, पीएच, म्हणजे आम्लतेचा आकडा, जवळपास जागेवर राहतो. मग पडताळा घेतला, हायड्रोजन आयन = २४ × पीसीओटू ÷ बायकार्बोनेट, तर तो चक्क जुळतो. कारण मशीन बायकार्बोनेट मोजत नाही, पीएच आणि पीसीओटूवरूनच काढतं. सॅम्पलमधली चूक सूत्राला दिसत नाही. ती सुईपाशीच अडवावी लागते. तुम्ही हेपरिन पूर्ण बाहेर ढकलता, सिरिंज उभी धरून बुडबुडा लगेच काढता (राहिला तर पीसीओटू उतरतो आणि पीओटू दीडशेच्या दिशेने सरकतो), टोपण लावून तळव्यांमध्ये फिरवता आणि लगोलग पाठवता. सॅम्पल पडून राहिलं की त्यातल्या पेशी ऑक्सिजन खात राहतात, पीसीओटू चढतो.

डायबेटिक कीटोअ‍ॅसिडोसिसमध्ये (मधुमेहात रक्त आम्लधर्मी होतं तेव्हा) शरीर जोरात श्वास घेऊन कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकतं. तेव्हा बायकार्बोनेट १२ असेल, तर पीसीओटू १.५ × १२ + ८, म्हणजे २६ हवा, फार तर दोन इकडेतिकडे. तिथे ३८ आला तर रिपोर्टवर तो नॉर्मलच्या रकान्यात बसतो. प्रत्यक्षात रुग्णाचा श्वास कमी पडू लागलेला असतो आणि पीएच ७.१२ पर्यंत उतरलेला असतो. अशा वेळी 'सॅम्पल बरोबर आहे ना?' या शंकेत दहा मिनिटं घालवणं परवडत नाही. तुमच्या हातचं सॅम्पल असलं की पुन्हा टोचावं लागत नाही. त्या ३८वर विश्वास ठेवून आम्ही थेट रुग्णाच्या उशाशी जातो.

आपले,
आयसीयूतील निवासी डॉक्टर