गुच्छी बटण मशरूमची बहीण नव्हे

महोदय,

रविवार पुरवणीतील हिमालयी खाद्यपदार्थांवरचा लेख वाचनीय होता. मात्र त्यात गुच्छी या खाद्य बुरशीला ‘बटण मशरूमची रानटी बहीण’ म्हटले आहे, ते पटले नाही. हे नाते फारच लांबचे आहे. बटण मशरूम बुरशींच्या बॅसिडिओमायकोटा विभागात मोडते. त्याचे बीजाणू टोपीखालच्या पापुद्र्यांवर पेशींच्या टोकाला बाहेरून लागतात. गुच्छी, शास्त्रीय नावाने मॉर्शेला, ही ॲस्कोमायकोटा विभागातली. तिच्या पोळ्यासारख्या खळग्यांत सूक्ष्म पिशव्या असतात आणि एकेका पिशवीत सहसा आठ बीजाणू. या हिशेबाने पाव फुगवणारे यीस्टच तिला अधिक जवळचे! उलट कोकण-गोव्यात पावसाळ्यात वारुळांवर उगवणारी आपली अळंबी बटण मशरूमच्याच गणातली आहे.

घोटाळा जुनाच आहे म्हणा. सजीवांच्या शास्त्रीय नामकरणाचा पाया घालणाऱ्या खुद्द लिनियसने १७५३ मध्ये गुच्छीला दुर्गंधी ‘फॅलस’ बुरशीच्या पंगतीला बसवले होते. हिमाचल-काश्मीरमधल्या सगळ्याच गुच्छींना सरसकट ‘मॉर्शेला एस्क्युलेंटा’ म्हणणेही डीएनए तपासणीनंतर टिकलेले नाही. तिथे एकाहून अधिक जाती आहेत.

लेखातल्या पाककृतीत एक सूचना हवी होती. गुच्छी कच्ची खाऊ नये, नीट शिजवूनच खावी. जायरोमिट्रा ही विषारी बुरशी वरवर तिच्यासारखीच दिसते. उभी चिरल्यावर गुच्छी देठापासून टोकापर्यंत एकसंध पोकळ दिसते, जायरोमिट्रा तशी नसते.

– एक वाचक, नाशिक