क्यूच्या शाफ्टबद्दलही लिहा की

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या पुरवणीतला ऑर्डरप्रमाणे बनवलेल्या पूल क्यूंवरचा, म्हणजे पूल खेळायच्या काठ्यांवरचा, लेख वाचला. फोटो झकास, पण सगळे बटचे, म्हणजे मागच्या जाड भागाचे. शिंपल्याची नक्षी, आबनूस, चकचकीत रिंगा वगैरे. खेळणाऱ्याला खरा फरक पडतो तो शाफ्टने, म्हणजे पुढच्या निमुळत्या भागाने, आणि त्याच्यावर जेमतेम दोन ओळी, म्हणून हे पत्र.

शाफ्ट बहुतेक वेळा हार्ड मेपलचा असतो. चांगला वाळलेला चौकोनी तुकडा लेथवर गोल करतात, पण लगेच १३ मिलिमीटरपर्यंत उतरवत नाहीत. थोडं कातायचं, काढून उभं टांगून ठेवायचं, काही आठवडे, कधी महिने, मग परत थोडं. कारण लाकडात ताण अडकलेला असतो, बाहेरचा थर निघाला की तो मोकळा होतो आणि काल सरळ असलेला तुकडा आज बाक धरतो. पुढच्या खेपेला तो बाक कातून काढायचा, परत टांगायचा. जो दरवेळी वाकतोच तो बाद, मग त्याचे रेषे कितीही देखणे असोत. गिऱ्हाईक कुरकुरतं की इतके महिने कशाला, तर त्यातला बराच काळ कारागीर नुसता थांबलेला असतो आणि पैसे खरं तर त्या थांबण्याचेच असतात.

टेपरचंही, म्हणजे जाडी कशी वाढत जाते त्याचंही, तसंच. टोकाकडचे दहा-बारा इंच जवळजवळ एकाच जाडीचे ठेवतात आणि मग हळूहळू जाडी वाढवतात, म्हणजे बोटांमधून सरकताना क्यू अडल्यासारखा वाटत नाही. शिवाय साइड देऊन, म्हणजे बॉलच्या मधोमध न मारता बाजूला, मारलं की पांढरा बॉल नेमाच्या रेषेतून किंचित बाहेर जातो, किती जातो ते मुख्यतः शाफ्टच्या पुढच्या काही इंचांच्या वजनावर ठरतं, म्हणून फेरूल, म्हणजे टोकाजवळची पांढरी टोपी, आखूड आणि हलकं करतात, काही जण तर टोक आतून पोकळही करतात. कार्बन फायबरमध्ये हे सोपं जातं आणि तो दमट हवेत वाकत नाही, हे मान्यच. पण त्यावरून लाकडाचे दिवस संपले हे तुमच्या लेखकाचं म्हणणं काही पटलं नाही, कार्बन शाफ्टवाल्यांच्या हातातला बट बघा, बहुतेक वेळा लाकडाचाच असतो.

आता नक्षीबद्दल. बटवरचे ते लांब टोकदार पॉइंट्स जवळून बघा. व्ही आकाराची खाच पाडून दुसरं लाकूड चिकटवलेलं असेल तर टोक सुईसारखं येतं, सीएनसीने, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या यंत्राने, खाच कोरली असेल तर कटर गोल असल्यामुळे टोक जरासं बोथट राहतं (हाताने साफ केलं तर गोष्ट वेगळी). पण गंमत बघा, ज्यांच्या क्यूंना संग्राहक अजून हात जोडतात त्या जॉर्ज बलाबुश्का या अमेरिकेतल्या कारागिरांनी १९५९ च्या सुमारास क्यू बनवायला घेतले ते ब्रन्सविक कंपनीचे टायटलिस्ट नावाचे तयार क्यू कापून. म्हणजे त्या क्यूंवरचे पॉइंट्स कारखान्यातून आलेले! नाव झालं ते जॉइंट (शाफ्ट आणि बट जिथे जोडले जातात ती जागा), तोल आणि फिनिश यांच्यामुळे.

हस्तिदंती फेरूलचं कौतुक मात्र छापायला नको होतं. हस्तिदंताच्या व्यापारावर जगभर बंधनं आहेत, रोझवूडच्या काही जाती आधीपासून आणि बाकीच्या २०१७ पासून साइट्सच्या (CITES, दुर्मिळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) यादीत आहेत, आणि हस्तिदंतापेक्षा चांगलं चालणारं मटेरियल सहज मिळतं.

आणि घेणाऱ्यांसाठी एक. जोडलेला क्यू टेबलावर लोळवून लगेच निकाल देऊ नका. शाफ्ट आणि बट वेगवेगळे लोळवा, मग जोडून लोळवा, दोन्ही सुटे सरळ आणि जोडल्यावर डुगडुगतात तर दोष जॉइंटमध्ये. मग बुडाचं रबर जमिनीवर हलकंच आपटून कान द्या, आत काही सैल असेल तर बारीक खुळखुळ ऐकू येते.

पुढच्या वेळी लेथवरच्या शाफ्टचा एक तरी फोटो टाका.

आपला,
एक वाचक