भूल, कुत्रा आणि मॉनिटरवरचा आकडा

संपादक महोदय,

कुत्र्यांच्या ऑपरेशनवरचा तुमच्या पुरवणीतला लेख वाचला. विषय घेतलात ते बरं झालं पण 'भुलीने हृदय मंदावतं म्हणून धोका' असं म्हणून सगळी औषधं एकाच माळेत ओवलीत ते काही पटलं नाही. मी व्हेट आहे, रोज हेच काम, आणि असलं वाचून लोक दातांचं नाहीतर गाठीचं ऑपरेशन पुढे ढकलत राहतात आणि मग तोच कुत्रा आणखी आजारी होऊन टेबलावर येतो.

डेक्समेडेटोमिडीन किंवा झायलाझीन ही गुंगीची औषधं दिली की आधी रक्तवाहिन्या आवळतात, बीपी चढतं आणि त्याला उत्तर म्हणून हृदय स्वतःच वेग कमी करतं. एरवी ९०-१०० ठोके असलेला कुत्रा ५० वर येतो, ईसीजीवर मधूनच एक पी वेव्ह (ठोक्याआधीची छोटी लाट) येते आणि तिच्यामागचा ठोकाच गायब, मालक शेजारी उभा असेल तर त्याच्याच काळजाचा ठोका चुकतो! अशा वेळी बीपी चढलेलं असताना घाईने अ‍ॅट्रोपीन, म्हणजे ठोके वाढवणारं औषध, मारलं तर हृदयावर उगाच जास्त ताण येतो. तिथे लक्ष ठेवून थांबायचं, गरजच पडली तर अटिपामेझोल हे उतारा-औषध देऊन गुंगीचा असर उतरवायचा. फेन्टानिल या जबर वेदनाशामकाने पण ठोके कमी होतात, पण ते हृदयाचा वेग कमी करणाऱ्या व्हेगस नर्व्हमुळे, आणि सोबत बीपी पडत असेल तर तिथे अ‍ॅट्रोपीनच कामाला येतं. म्हणजे मॉनिटरवर आकडा तोच ५० आणि उपाय वेगळा. केटामीन या भुलीच्या इंजेक्शनने तर ठोके वाढतात, आणि आयसोफ्लुरेन या भुलीच्या वायूवर ठोके छान दिसत असताना खाली बीपी पडलेलं असू शकतं, त्याबद्दल लेखात अवाक्षर नाही.

आणि आकडे द्यायचेच होते तर २००८ साली आलेल्या ब्रिटनमधल्या मोठ्या अभ्यासातले द्यायचे. भूल किंवा सेडेशन (गुंगी) दिलेल्या धडधाकट कुत्र्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण ०.०५ टक्के, आधीच आजारी असलेल्यांत १.३३. त्यातले बरेचसे मृत्यू ऑपरेशन संपल्यावरचे, तेही पहिल्या तीन तासांतले जास्त, म्हणजे श्वासाची नळी काढून सगळे हुश्श करतात नेमकं तेव्हाचे.

त्यामुळे मालकांनी 'किती ठोके होते' हे विचारण्यापेक्षा ऑपरेशनच्या आधी ईसीजी करणार का, हृदयविकाराकडे कल असलेल्या डॉबरमन-बॉक्सरसारख्या जातीचा असेल तर नक्कीच, बीपी मोजणार का आणि शुद्धीवर येईपर्यंत जवळ कोण बसणार हे विचारावं. विचारलं म्हणून कुठलाही धड व्हेट चिडत नाही.

आपला,
एक पशुवैद्य