वजाबाकी करून दिल्याबद्दल, रिगाच्या ताईंना

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार. नाव लिहू नका म्हणालात, म्हणून नुसतं ताई.

रिगात, म्हणजे लाटव्हियाच्या राजधानीत, कोणी मराठी माणूस शिकायला किंवा नोकरीला आहे असं कळलं, की त्याला ओळखीपाळखीतून एकच प्रश्न येतो: "दोन दिवसांत काय काय बघू?" तुम्ही आम्हा दोन मैत्रिणींना पाठवलेल्या चार पानी टिपणात त्याचं उत्तर शेवटच्या पानावर होतं. आधीची तीन पानं काय गाळायचं आणि का, यावर होती. हे आभार मुख्यतः त्या तीन पानांचे. पत्र उघडं लिहितोय, कारण नोव्हेंबर-डिसेंबरात विमानाचं तिकीट स्वस्त दिसलं म्हणून जर्मनीतून किंवा नेदरलँड्समधून निघणाऱ्या आणखी कुणाला ती वजाबाकी उपयोगी पडावी.

पहिली काट तुम्ही टॅलिनवर, एस्टोनियाच्या राजधानीवर, मारलीत. नकाशात बाल्टिक राजधान्या एकमेकींच्या शेजारी दिसतात, पण रिगा ते टॅलिन तीनशे किलोमीटरच्या वर आहे आणि बसला एका बाजूला साडेचार तासांच्या आसपास लागतात. नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात उजाडतं साडेआठनंतर आणि सूर्य मावळतो चारच्या आत. सकाळी सातची बस धरली तरी टॅलिनमध्ये उजेडाचे चारच तास हाती येतात, तेही बहुधा ढगाळ. दुसरी काट युर्मालावर. लोकल गाडीने तिथलं मायोरी स्टेशन अर्ध्या तासावर आहे आणि किनारा मैलोगणती पांढऱ्या वाळूचा आहे, हे सगळं खरं. पण ती जागा जूनसाठी, जेव्हा रात्री दहालाही उजेड असतो. तिसरी काट रुंदालेच्या राजवाड्यावर. त्याची अर्धी शोभा बागेत, आणि बाग झोपलेली.

उरले दोन दिवसांचे मिळून चौदा-साडेचौदा तास उजेड. त्यावर तुम्ही एकच नियम घातलात: बाहेरून बघायचं ते उजेडात, आतून बघायचं ते अंधारात. बाकीचं सगळं टिपण या नियमातूनच निघतं.

कागदपत्रांबद्दल तुम्ही दोनच ओळी लिहिल्यात, पण लोकांचं घोडं पेंड खातं ते इथेच. लाटव्हिया २००७ पासून शेंगेनमध्ये, म्हणजे आपसांत सीमेवर तपासणी न ठेवणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात आहे, त्यामुळे जर्मनीचं निवास-परवाना कार्ड असलेल्या भारतीयाला वेगळा व्हिसा लागत नाही. परंतु नुसतं कार्ड चालत नाही. सोबत मूळ पासपोर्ट हवा, मोबाइलमधला फोटो नव्हे. शेंगेनच्या आतल्या प्रवासात रोज कोणी विचारत नाही, आणि ज्या दिवशी विचारतात त्याच दिवशी पासपोर्ट घरच्या कपाटात असतो. चलन युरो, २०१४ पासून. कार्ड जवळपास सगळीकडे चालतं. बाजारातल्या छोट्या गाळ्यांसाठी वीस-तीस युरो रोख पुरतात.

विमानतळावरून २२ नंबरची बस, साधारण अर्धा तास. नव्वद मिनिटांचं तिकीट दीड युरोला. ते चढण्याआधीच मशीनवर, नार्वेसेनच्या दुकानात किंवा ॲपवर घ्यायचं आणि गाडीत चढल्याबरोबर नोंदवायचं. नवखा माणूस तिकीट काढून खिशात ठेवतो आणि निवांत बसतो. तपासनीस आला की ते तिकीट असून नसल्यासारखं, आणि दंड भरावा लागतो. चाकांच्या बॅगेऐवजी पाठीवरची सॅक आणा, हेही तुमचंच. जुन्या शहराच्या गल्ल्या गोट्यांच्या फरसबंदीच्या आहेत. चाकं त्यात अडकतात आणि ओल्या थंडीत त्यावर बूटही घसरतात. सपाट रबरी तळाचे बूट नकोत, खाचा असलेले हवेत. बर्फ वितळायला लागला असेल तर फुटपाथवर लावलेल्या फितीच्या आत पाऊल टाकू नका, कारण वर छपराच्या कडेला बर्फाचे सुळे लोंबत असतात.

शनिवारची सकाळ तुम्ही जुन्या शहराला न देता अल्बेर्ता इयेलाला दिलीत (इयेला म्हणजे रस्ता). टिपणातला सगळ्यात शहाणा निर्णय हाच. रिगाच्या मध्यभागात आर्ट नूव्हो शैलीच्या (विसाव्या शतकाच्या सुरुवातीची नक्षीदार वास्तुशैली) सुमारे ८०० इमारती आहेत आणि १९९७ साली युनेस्कोच्या यादीत शहराचं नाव गेलं त्यात त्यांचा मोठा वाटा आहे. अल्बेर्ता इयेला जेमतेम तीनशे मीटरचा रस्ता, पण तिथली बरीच घरं मिखाइल आयझेनश्टाइन या स्थापत्य अभियंत्याची, म्हणजे सिनेदिग्दर्शक सेर्गेई आयझेनश्टाइनच्या वडिलांची. बघायची रीत तुम्ही लिहून दिलीत: घराच्या पायथ्याशी उभं राहू नका, समोरच्या फुटपाथवर जा आणि नजर खालून वर न नेता वरून खाली आणा, कारण जास्तीत जास्त कारागिरी छपराजवळ आहे. २अ नंबरचा सगळ्यात वरचा मजला हा मजलाच नाही, नुसती भिंत उंच नेली आहे. तिच्या खिडक्यांतून खोली दिसत नाही, आकाश दिसतं. हे कोणी सांगितलं नाही तर दहातले नऊ जण फोटो काढून पुढे जातील. मग कोपऱ्यावरून एलिझाबेतेस इयेला १०ब, निळ्या टाइल्स आणि माथ्यावर दोन प्रचंड चेहरे. त्यानंतर मुद्दाम अल्बेर्ता ११ समोर थांबायचं: एइझेन्स लाउबेचं १९०८ चं घर, चेहरे नाहीत, सिंहिणी नाहीत, उतरतं छप्पर आणि साधे दगड. त्या काळच्या लाटव्हियन वास्तुकारांना स्वतःचं असं काय हवं होतं, ते आयझेनश्टाइनच्या शेजारी हे घर ठेवलं की लगेच कळतं. बोटं गारठली की १२ नंबरमधलं संग्रहालय. तिकीट काढायचं नसलं तरी चक्राकार जिन्याच्या तळाशी उभं राहून वर बघायचंच. सोमवारी संग्रहालय बंद असतं, म्हणून रविवार-सोमवारची सुट्टी घेणाऱ्यांनी हे रविवारीच उरकावं.

दुपार मध्यवर्ती बाजारात. पाच भव्य मंडप, १९३० साली उघडलेले. त्यांच्या कमानी पहिल्या महायुद्धातल्या जर्मन झेपेलिन हवाई जहाजांच्या (वायूने भरलेल्या अवाढव्य फुग्यांच्या) हँगरच्या. दोघींतली एक शाकाहारी, म्हणून तुम्ही मंडपांचा क्रमही लावून दिलात: आधी दूध-दुभतं, मग भाजी, आणि मासळीच्या मंडपात फक्त मासे खाणारीने जावं. धुरावलेल्या माशांचा वास लोकरीच्या कोटात दोन दिवस राहतो.

शाकाहाऱ्यांसाठीची तुमची ताकीद तर लॅमिनेट करून विमानतळावर लावावी अशी आहे. पिरागी नावाचे पिवळसर छोटे पाव बाहेरून आपल्या बेकरीतल्या गोड बनसारखे दिसतात आणि आत डुकराच्या चरबीचे तुकडे असतात. स्पेकिस हा शब्द पाठ करा, म्हणालात. तो कानावर पडला की हात मागे. राखाडी वाटाण्यांची उसळ, लाटव्हियाचा मानाचा पदार्थ, तिच्यावरही हाच स्पेकिस परतून घालतात. "बेज़ गाल्यास", म्हणजे मांसाशिवाय, एवढं म्हटलं तर नुसते वाटाणे मिळू शकतात, पण ते आधी वेगळे शिजवलेले असतील तरच. सगळं एकत्र ढवळून ठेवलं असेल तर वरचे तुकडे वेचून देतील आणि ते चालणार नसेल तर नको म्हणा. हमखास चालणारं म्हणजे बटाटा किसून केलेली धिरडी आणि वर आंबट साय. बीएझ्पिएन्स हा आपल्या चक्क्याचा रवाळ चुलतभाऊ, आणि त्याचीच चॉकलेटमध्ये बुडवलेली कारुम्स वडी: श्रीखंडाची वडी थंड प्रदेशात जन्मली असती तर अशीच झाली असती. शेवटी राईच्या काळ्या पावाचे थर, जॅम आणि फेटलेली साय घातलेलं गोड. ते मागताना संकोच नको, एक पुरतं आणि चमचे दोन मिळतात.

घरी न्यायच्या वस्तूंवर तुमची तळटीप: मध, बीएझ्पिएन्स, भांगेच्या बियांचं लोणी, आंबवलेली कोबी, हे सगळं विमानतळाच्या सुरक्षा तपासणीत द्रव धरतात. हातातल्या बॅगेत शंभर मिलिलिटरच्या वर गेलं की टोपलीत. राईचा पाव न्या, आठवडाभर टिकतो. अख्खा फार जड होतो, अर्धा कापून मागा. काळा बाल्सम, ४५ टक्के अल्कोहोलचा कडू काढा, प्यायचा तर बाजाराजवळ गरम काळ्या मनुकांच्या, म्हणजे ब्लॅककरंटच्या रसात घालून. बाटली हवी तर तपासणी ओलांडल्यावर विमानतळावरच.

आणि मग राष्ट्रीय ग्रंथालय. ते शनिवारीच का, तर रविवारी बंद. ट्रॅमने दौगावा नदी ओलांडायची, पुलावरून चालत जायचा हट्ट नको, वारा कानशिलं फोडतो. गुन्नार्स बिर्केर्ट्सने आखलेली ही काचेच्या टेकडीसारखी इमारत २०१४ साली उघडली; त्या जानेवारीत लोकांनी हाताची साखळी करून जुन्या ग्रंथालयातली पुस्तकं एकेक करत इथवर पोचवली होती. बहुतेक प्रवासी वरच्या मजल्यावरून शहराचे दिवे बघतात आणि उतरतात. तुम्ही आम्हाला एका कपाटाकडे पाठवलंत. लोकगीतं गोळा करणाऱ्या क्रिश्यानिस बारोन्सचं दाइनांचं कपाट, १८८० साली करून घेतलेलं. दाइना म्हणजे बहुतेक वेळा चार ओळींचं लोकगीत. चिमुकल्या चिठ्ठ्यांवर उतरवलेली दोन लाखांहून जास्त गीतं त्याच्या खणांत लावलेली आहेत, लग्न, कापणी, दळण, मरण अशा क्रमाने. "जात्यावरच्या ओव्यांना कोणी असं कपाट दिलं असतं तर," एवढंच वाक्य तुम्ही लिहिलंत आणि अर्धवट सोडलंत. बरं केलंत.

आतल्या सगळ्या जागी कोट दारातच जमा करावा लागतो, हे आधी माहीत असलेलं बरं. कोटाच्या आत जाड स्वेटर एकच असेल तर तापवलेल्या दालनात घाम फुटतो आणि काढायला दुसरं काही नसतं. तीन पातळ थर घाला. पासपोर्ट आणि पाकीट कोटात ठेवू नका.

रविवार जुन्या शहराचा, पण घाई न करता. सेंट पीटर चर्चचा मनोरा १२३ मीटरचा, लिफ्ट ७२ मीटरपर्यंत नेते. रविवारी ते उशिरा उघडतं, म्हणून सकाळी आधी स्वातंत्र्यस्मारक. १९३५ चं, ४२ मीटर उंच, माथ्यावर तीन तारे धरलेली स्त्री, जिला लोक मिल्दा म्हणतात. पायथ्याशी पहारा असतो आणि दिवसा तासाच्या ठोक्याला बदलतो, पाच मिनिटं आधी पोचायचं. सोव्हिएत काळात इथे फूल वाहणं धोक्याचं होतं, म्हणून लोक या स्मारकाला सैबेरियाची ट्रॅव्हल एजन्सी म्हणत, हा तुमच्या टिपणातला विनोद तिथे उभं राहिल्यावर विनोद वाटत नाही. ब्लॅकहेड्सच्या (अविवाहित व्यापाऱ्यांच्या जुन्या संघाच्या) घराबद्दल तुम्ही चक्क लिहिलंत: बाहेरून बघा, तिकीट वाचवा. मूळ इमारत १९४१ च्या युद्धात पडली, अवशेष १९४८ मध्ये पाडले, आजची १९९९ मध्ये पुरी झाली. आमचं मत थोडं वेगळं आहे. पाडलेलं पुन्हा जसंच्या तसं उभारण्याचा हट्ट हीच तिथली बघण्याची गोष्ट. पण तिकीट वाचवलंच. तीन भाऊ नावाची चिकटून उभी घरं मात्र खरी जुनी, सगळ्यात थोरलं पंधराव्या शतकातलं.

रात्रीसाठीची सूचना एकच आणि नेमकी: जुन्या शहरात कोणी अनोळखी माणूस आग्रहाने बारमध्ये बोलावत असेल तर जाऊ नका, आणि दर लिहिलेलं कार्ड समोर आल्याशिवाय काहीही मागवू नका.

परतफेड म्हणून टिपणात घालायला दोन ओळी. दारांवर "विल्क्त" म्हणजे ओढा आणि "ग्रूस्त" म्हणजे ढकला. उलट वाचलं की मागे रांग लागते. आणि स्वच्छतागृहाच्या दारावर कधीकधी चित्र नसतं, नुसतं एक अक्षर असतं: व्ही किंवा एस. पुरुषाला लाटव्हियन भाषेत वीर्स म्हणतात, आपल्या वीराचा सख्खा भाऊ, म्हणून व्ही म्हणजे पुरुष. एस म्हणजे सिएविएते, बाई. स्त्रीचा स धरला की चुकत नाही. पुढच्या पाहुण्यांना पाठवताना हे सगळ्यात वर टाका, बसच्या तिकिटाच्याही आधी.

पाल्दिएस, म्हणजे धन्यवाद, ताई.

तुमच्या,
दोघी मैत्रिणी